वेल्डिंग मशीनमागची बारीक वायर

राजकोटमधील गेमिंग झोनला २५ मे २०२४ रोजी लागलेल्या आगीत २७ जणांचा बळी गेला. तेथे सुरू असलेल्या वेल्डिंगच्या कामातून उडालेल्या ठिणग्यांनी आग भडकल्याचे पुढे आले आणि त्यानंतर काही आठवडे देशभरातील महापालिका, अग्निशमन दले आणि मॉलचालक यांच्यात वेल्डिंगच्या परवानगीची, ठिणग्या झेलणाऱ्या पडद्यांची आणि शेजारी ठेवायच्या वाळूच्या बादल्यांची चर्चा रंगली. ती आवश्यकच होती. मात्र वेल्डिंगमधला धोका होल्डरच्या टोकाशीच असतो, हा समजही त्या चर्चेतून अधिक घट्ट झाला. मशीनच्या दुसऱ्या बाजूने एक वायर निघते, ती जिन्यावरून, पाण्याच्या डबक्यातून, दाराच्या फटीतून जाऊन कुठल्या तरी बोर्डात खोचलेली असते. ती किती जाड आहे, हे विचारण्याचे कोणालाच सुचले नाही.

हा प्रश्न आजच उभा राहण्याचे कारण तंत्रज्ञानात आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वीपर्यंत वेल्डिंग मशीन म्हणजे चाकांवर ढकलत न्यायचा शंभर किलोंच्या पुढचा ट्रान्स्फॉर्मर होता. तो बहुधा दोन फेजांवर, म्हणजे ४१५ व्होल्टवर चाले. त्यासाठी थ्री-फेज जोडणी लागे आणि ती वर्कशॉपमध्येच असे. ग्रिल, गेट, जिन्याचे कठडे वर्कशॉपमध्ये तयार होत आणि इमारतीत केवळ बसवले जात. इन्व्हर्टर तंत्राच्या मशीनने हे चित्र पालटले. आज २०० ॲम्पिअर म्हणून विकले जाणारे मशीन खांद्याला अडकवता येते, घरगुती २३० व्होल्टवर चालते आणि ऑनलाइन बाजारात दहा हजार रुपयांच्या आत मिळते. परिणामी वेल्डिंगच वर्कशॉपमधून उठून सोसायटीच्या पाचव्या मजल्यावरील बाल्कनीत, दुकानाच्या पाटीखाली, गणेशोत्सवाच्या मंडपात येऊन पोचले. मशीन हलके झाले, वीजजोडणीची जागा मात्र होती तिथेच, तळमजल्यावरील मीटरच्या खोलीत राहिली. मधले अंतर भरून काढण्याचे काम एक्स्टेन्शन कॉर्डवर येऊन पडले.

ते काम किती अवजड आहे, हे साध्या आकडेमोडीतून दिसते. ग्रिलच्या कामात सर्रास वापरला जाणारा ३.१५ मिलिमीटरचा रॉड, कारागिरांच्या भाषेत ‘दहा नंबर’, साधारण १२० ॲम्पिअरवर चालतो. त्यावेळी ठिणगीच्या दोन टोकांमध्ये सुमारे २५ व्होल्टचा दाब असतो, म्हणजे प्रत्यक्ष वितळवण्यासाठी तीन किलोवॉट खर्च होतात. मशीनची कार्यक्षमता ऐंशी टक्के आणि स्वस्त इन्व्हर्टरचा पॉवर फॅक्टर ०.७ धरला, तर भिंतीकडून ओढला जाणारा प्रवाह सुमारे २३ ॲम्पिअर भरतो. ‘बारा नंबर’ रॉडला, म्हणजे अडीच मिलिमीटरच्या रॉडला ८० ॲम्पिअर पुरतात आणि भिंतीकडची मागणी १४ ॲम्पिअरवर येते. चार मिलिमीटरचा ‘आठ नंबर’ १६० ॲम्पिअरवर चालवायचा तर ती ३३ ॲम्पिअरवर जाते. आपल्या घरांतील सर्वात मोठा प्लग १६ ॲम्पिअरचा. भारतीय मानकातही घरगुती प्लगची मर्यादा तिथेच संपते. याचा अर्थ इतकाच, की बारा नंबरच्या पलीकडचा रॉड हातात घेतला की घरातला पॉवर प्लग नियमाने बाद ठरतो. प्रत्यक्षात तोच वापरला जातो.

आता वायरकडे. तांब्याच्या लवचिक वायरीचा रोध मानकांनी ठरवून दिला आहे. एका मीटरला दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीत १३.३ मिलिओहम, अडीचच्या वायरीत ७.९८, चारच्या वायरीत ४.९५ आणि सहाच्या वायरीत ३.३०. पाचव्या मजल्यापर्यंत तीस मीटर कॉर्ड लागली, तर प्रवाह जाऊन-येऊन साठ मीटर फिरतो. दहा नंबरच्या रॉडचे २३ ॲम्पिअर दीडच्या वायरीतून नेले, तर वाटेतच १८ व्होल्ट गळतात. अडीचमध्ये ११, चारमध्ये सातच्या आत आणि सहामध्ये साडेचारच्या आसपास. गळती तीन टक्क्यांच्या, म्हणजे सात व्होल्टच्या आत ठेवावी हा व्यवहारातला चांगला दंडक मानला, तर उत्तर सरळ मिळते. तीस मीटरपर्यंत बारा नंबरच्या रॉडला अडीच चौरस मिलिमीटर, दहा नंबरला चार, आठ नंबरला सहा. अंतर पन्नास मीटरवर गेले की दहा नंबरलाही सहाचीच वायर हवी, आणि तीही तीन टक्क्यांची रेषा किंचित ओलांडते. बाजारात वेल्डिंगसाठी म्हणून तयार विकल्या जाणाऱ्या कॉर्ड पाहिल्या, तर त्यांतल्या पुष्कळशा एक ते दीड चौरस मिलिमीटरच्या असतात.

गळालेले १८ व्होल्ट म्हणजे केवळ मंद वेल्डिंग नव्हे. जुना ट्रान्स्फॉर्मर या बाबतीत प्रामाणिक होता. व्होल्टेज पडले की त्याचा मारा कमी होई, रॉड चिकटू लागे आणि कारागीर शिव्या देत का होईना, पण थांबे. इन्व्हर्टरचे वर्तन वेगळे असते. आतले नियंत्रण बाहेरचा प्रवाह १२० ॲम्पिअरवर टिकवून धरते आणि दाब कमी पडला की तेवढीच शक्ती मिळवण्यासाठी भिंतीकडून अधिक ॲम्पिअर ओढते. नियमांनी वीजपुरवठ्यात सहा टक्क्यांची चढउतार मान्य केलेली आहे, म्हणजे प्लगमध्येच २१६ व्होल्ट असू शकतात. त्यात तीस मीटर दीडची वायर आली की ढोबळ हिशेबाने मशीनपाशी १९४ व्होल्ट उरतात आणि प्रवाह २३ वरून २७ ॲम्पिअरवर चढतो. कॉर्डमध्ये उष्णता होऊन जाणारी शक्ती सव्वाचारशे वॉटवरून सहाशेच्या घरात जाते. एक चौरस मिलिमीटरची वायर असेल तर मशीनपाशी १८२ व्होल्ट आणि प्रवाह २९ ॲम्पिअर. वर ग्रिलचा जोड सुरेख उतरतो आहे, आणि जिन्यावर पडलेल्या वायरीत एक छोटी शेगडी पेटलेली आहे, असा हा प्रकार. कारागिराला ते कळण्याचा मार्ग नाही. त्याला मशीन चांगले वाटते, आणि ते चांगले आहेही.

इथे एक न्याय्य आक्षेप घेतला जातो. वेल्डर सलग रॉड जाळत नाही. रॉड बदलतो, खपली झाडतो, माप घेतो. मग वायरीला गार व्हायला वेळ मिळतोच की. हा युक्तिवाद अर्धा बरोबर आहे. उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने दहा मिनिटांतली पाचच मिनिटे ठिणगी चालू असेल, तर तापण्याच्या दृष्टीने २३ ॲम्पिअर हे सलग वाहणाऱ्या १६ ॲम्पिअरच्या बरोबरीचे ठरतात. चांगल्या मशीनच्या पाटीवर म्हणूनच कमाल प्रवाह आणि परिणामी प्रवाह असे दोन आकडे दिलेले असतात. अमेरिकेची वीजसंहिताही वेल्डिंगच्या वायरीसाठी अशी सवलत देते. पण ही सवलत तापण्यापुरतीच. व्होल्टची गळती ठिणगी पेटलेल्या क्षणाची असते, तिला विश्रांतीचा हिशेब लागू होत नाही. आखूड कॉर्डमध्ये तापणे निर्णायक ठरते, लांब कॉर्डमध्ये गळती. पाच मीटरला चालून गेलेली वायर तीस मीटरला का चालत नाही, याचे उत्तर या भेदात आहे. शिवाय ग्रिलवाल्याचे तास आणि मंडपवाल्याचे तास सारखे नसतात. गणपतीच्या आदल्या रात्री कोण विश्रांती घेतो?

कॉर्ड ड्रमवर गुंडाळलेली असेल तर हा सगळा हिशेब कोलमडतो. तीस मीटरपैकी दहा मीटर उलगडायची आणि वीस तशीच गुंडाळून ठेवायची, ही सवय सार्वत्रिक आहे. आतल्या वेढ्यांची उष्णता बाहेर पडायला जागा नसते. युरोपात अशा ड्रमवर पूर्ण उलगडलेल्या आणि गुंडाळलेल्या स्थितीतील क्षमतेचे दोन आकडे छापतात आणि दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्याहूनही कमी असतो. साध्या पीव्हीसी आवरणाची मर्यादा ७० अंश सेल्सिअस. विदर्भातल्या मे महिन्यात हवेनेच त्यातले ४५ अंश खाल्लेले असतात.

एवढे स्पष्ट गणित असताना गल्लीत चुकीची वायर का पोचते? पहिला दोष भाषेचा आहे. आपल्याकडे वायरीचे माप अधिकृतपणे चौरस मिलिमीटरमध्ये लिहिले जाते, पण बोलले जाते गेजमध्ये. हे गेज ब्रिटिश काळाचे. ‘तीन-वीस’ मागितली म्हणजे वीस गेजच्या तीन तारांची वायर. तिचे खरे क्षेत्रफळ दोन चौरस मिलिमीटरच्या आत भरते, दुकानदार तिच्या जागी अडीचची देतो आणि ग्राहकाचा फायदाच होतो. ‘सात-वीस’ मागितली तर क्षेत्रफळ साडेचारच्या किंचित वर, मग दुकानदाराच्या मर्जीनुसार कधी चारची मिळते, कधी सहाची. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, ही उलटी रीत नवख्याला गोंधळात टाकते ती वेगळीच. त्यात आता यूट्यूबची भर पडली. अमेरिकी कारागीर पडद्यावर ‘दहा गेजची कॉर्ड घ्या’ असे सांगतो, ते अमेरिकी गेज असते आणि त्याचे क्षेत्रफळ ५.२६ चौरस मिलिमीटर भरते. आपल्या जुन्या ब्रिटिश मोजणीतला दहा गेज ८.३ चौरस मिलिमीटरचा. वेल्डरचा ‘दहा नंबर’ रॉडही याच ब्रिटिश मोजणीचा वंशज. एकाच आकड्याचे तीन अर्थ एका दुकानात फिरत असतील, तर काउंटरवर उरतो तो एकच शब्द: ‘जाड’. आणि जाडी आवरणानेही वाढवता येते.

दुसरे कारण तांब्याच्या भावाचे. मे २०२४ मध्ये लंडनच्या धातू बाजारात तांब्याने टनाला ११ हजार डॉलरची पातळी ओलांडली. तीस मीटर लांबीच्या तीन कोअरच्या दीड चौरस मिलिमीटर कॉर्डमध्ये सव्वा किलोच्या आसपास तांबे असते, चारच्या कॉर्डमध्ये सव्वातीन किलो. हा दोन किलोंचा फरक म्हणजेच किमतीतला फरक, बाकीचे सगळे प्लास्टिक. ग्रिलचे काम चौरस फुटाच्या दराने ठरते, त्या दरात लोखंड असते, रंग असतो, मजुरी असते, वायर नसते. ती कारागिराच्या पदरची. दोन किलो तांबे वाचवण्याचा मोह त्याला झाला तर त्याला बेपर्वा म्हणून मोकळे होणे सोपे, पण मग त्याच्या दरात घासाघीस करणाऱ्या सोसायटीलाही त्याच ओळीत बसवावे लागेल.

मोहाचा फायदा घेणारा बाजारही तयार आहे. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर बाहेरून तांब्यासारखीच दिसते, तिचा रोध मात्र तांब्याच्या सुमारे दीडपटीहून अधिक असतो. अशी अडीचची वायर विजेच्या दृष्टीने जेमतेम दीडची. एक तार ब्लेडने खरवडली की आतला पांढरा धातू दिसतो, आणि बंडल हातात घेतले की वजनावरूनही संशय येतो. अस्सल तांब्यातही तारा कमी भरण्याचा प्रकार चालतो. नामांकित कंपन्यांच्या वायरीत अडीचसाठी ०.३ मिलिमीटरच्या ३६ तारा, चारसाठी ५६, सहासाठी ८४ अशी रचना आढळते. टोक सोलून तारा मोजायला दोन मिनिटे लागतात. वायरीवर आयएसआय चिन्ह २००३च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने सक्तीचे केले आहे. बंडलवर ते शोधता येते. पण कापून, प्लग लावून, पारदर्शक पिशवीत घालून विकलेल्या तयार कॉर्डवर नेमके काय छापले आहे, हे पाहण्याची सवय ग्राहकाला नाही.

एमसीबी आहे ना, मग काय होणार, हा तिसरा आणि सर्वात घातक समज. १६ ॲम्पिअरचा एमसीबी १६ वर तुटत नाही. मानकानुसार सुमारे १८ ॲम्पिअरपर्यंत तो तासभर तुटता कामा नये आणि २३ च्या किंचित वर तासाच्या आत तुटला पाहिजे. मधल्या पट्ट्यात तो कधी तुटेल, याचा भरवसा देता येत नाही. दहा नंबरचा रॉड नेमका या पट्ट्याच्या वरच्या कडेवर खेळतो, आणि मध्येमध्ये थांबत खेळत असल्याने एमसीबी बहुतेकदा टिकून राहतो. मुळात एमसीबी निवडलेला असतो तो भिंतीतल्या वायरीच्या रक्षणासाठी. त्याच्यापुढे कोणी एक चौरस मिलिमीटरची कॉर्ड जोडली, हे त्याला ठाऊक नसते. साखळीतील सर्वात कमकुवत कडी वितळते. ती कडी एमसीबीऐवजी कॉर्ड ठरते, किंवा त्याहून बहुतेकदा प्लगची सैल पिन. संपर्कात एक दशांश ओहमचा रोध तयार झाला, तरी २३ ॲम्पिअरला त्या एका बिंदूवर पन्नास वॉटहून अधिक उष्णता साठते. काळवंडलेल्या पॉवर प्लगचे रहस्य एवढेच.

वायरमनलाही मग एमसीबी वारंवार तुटतो म्हणून बोलावले जाते आणि तो १६ च्या जागी ३२ चा बसवून जातो. दुरुस्ती म्हणून केल्या जाणाऱ्या कामांत याहून वाईट काम शोधणे कठीण. त्याने भिंतीतील वायरीचेही संरक्षण काढून घेतलेले असते.

जाडीच्या चर्चेत अर्थिंग मागे पडते, वास्तविक माणसे त्यानेच मरतात. देशात विजेच्या धक्क्याने होणाऱ्या मृत्यूंची सरकारी नोंद गेली काही वर्षे दरसाल दहा हजारांच्या पुढे आहे. बाजारातल्या कित्येक लांब कॉर्ड दोन कोअरच्याच असतात, फेज आणि न्यूट्रल. मशीनची अर्थ क्लॅम्प जॉबला लावलेली असते, म्हणून अर्थिंग झाले, असे अनेक कारागीर मानतात. त्या क्लॅम्पचा संबंध वेल्डिंगच्या परतीच्या प्रवाहाशी. मशीनच्या पत्र्याला फेज चिकटली, तर त्या वेळी उपयोगी पडते ती कॉर्डमधली तिसरी तार. तीही बारीक आणि लांब असेल तर पंचाईत होते. सर्वसाधारण सी प्रकारच्या १६ ॲम्पिअर एमसीबीला खात्रीने तत्काळ तुटण्यासाठी १६० ॲम्पिअर लागू शकतात, म्हणजे दोषाच्या संपूर्ण वाटेचा रोध दीड ओहमच्या आत हवा. तीस मीटरच्या ०.७५ चौरस मिलिमीटर कॉर्डचाच रोध जाऊन-येऊन त्याहून अधिक होतो. इमारतीची अर्थिंग जमिनीत पुरलेल्या पट्टीवर विसंबून असेल आणि तिचा रोध काही ओहम असेल, तर कोणतीही जाड वायर एमसीबीला तत्काळ तोडू शकत नाही. तिथे ३० मिलिॲम्पिअरचा गळतीरोधक ब्रेकर, ज्याला बाजारात ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतात, तोच जीव वाचवू शकतो. जुन्या सोसायट्यांच्या कॉमन मीटरवर तो क्वचितच दिसतो.

कायदा या बाबतीत मुका आहे, असे म्हणता येणार नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१०च्या सुरक्षाविषयक विनियमांत हलवता येण्याजोग्या उपकरणांच्या वायरींचे स्वतंत्र कलम होते आणि त्यात वेल्डिंग संचाचा नावानिशी उल्लेख होता. वायर भक्कम आवरणाची, आघातापासून सुरक्षित हवी आणि सिंगल फेजसाठी तीन कोअरची, थ्री-फेजसाठी चार कोअरची हवी, अर्थिंगची तार सहज ओळखता आली पाहिजे, इतक्या नेमकेपणाने ते सांगितले होते. २०२३ मध्ये त्या विनियमांची जागा नव्या विनियमांनी घेतली. कारखान्यांत आणि मोठ्या बांधकामांवर या तरतुदींना काही अर्थ असतो, कारण तिथे निरीक्षक येण्याची शक्यता असते, सुरक्षा अधिकारी नेमलेला असतो, निळ्या रंगाचे ३२ ॲम्पिअरचे इंडस्ट्रियल सॉकेट बसवलेले असतात. मंडपांसाठी तात्पुरती अधिकृत जोडणी घ्या, असे आवाहन महावितरण दरवर्षी करते. पण पाचव्या मजल्यावरच्या बाल्कनीत दोन दिवस चालणारे काम यापैकी कोणत्याच चौकटीत बसत नाही. ते काम लहान, ठेकेदार लहान, आणि वीज सदनिकाधारकाची किंवा सोसायटीची.

मग लांब कॉर्डऐवजी होल्डरच्या केबलच लांब कराव्यात, असा पर्याय काही जुने कारागीर सुचवतात. मशीन खाली, होल्डर वर. धक्क्याच्या दृष्टीने त्यात तथ्य आहे, कारण मशीनच्या बाहेरच्या बाजूचा दाब २३० व्होल्टच्या तुलनेत बराच कमी असतो. पण तिथे प्रवाह १२० ॲम्पिअरचा आहे. सोळा चौरस मिलिमीटरच्या केबल प्रत्येकी दहा मीटरने वाढवल्या, तरी जवळजवळ तीन व्होल्ट जातात, आणि ते पंचविसांतले तीन. पाच मजल्यांसाठी तेवढे तांबे खांद्यावरून न्यायचे तर हलक्या मशीनचा सारा फायदा संपला. ओल्या जागी, टाकीत, मचाणावर काम असेल तर हा पर्याय विचारात घ्यावा लागतो. एरवी जवळच्या बोर्डावर स्वतंत्र सर्किट काढून कॉर्ड आखूड ठेवणे हेच स्वस्त पडते.

शहरातल्या सोसायट्यांनी अलीकडे नूतनीकरणासाठी छापील अर्ज सुरू केले आहेत. त्यात राडारोडा कुठे टाकावा, लिफ्ट किती वाजेपर्यंत वापरावी, दुपारी दोन ते चार ठोकाठोकी करू नये, मजुरांची ओळखपत्रे द्यावीत, अशा अटी असतात. वेल्डिंगसाठी कोणत्या पॉइंटवरून वीज घेणार, त्या पॉइंटवर गळतीरोधक ब्रेकर आहे का आणि कॉर्ड किती कोअरची, किती चौरस मिलिमीटरची, हे तीन प्रश्न त्यात घालायला अर्जावर दोन ओळींची जागा पुरते.